आधी देणे, मग ताबा

मराठवाड्यातले किंवा पश्चिम महाराष्ट्रातले कोणतेही जिल्हा वर्तमानपत्र नियमाने वाचणाऱ्याला एक बातमी ओळखीची असते. न्यायालयाचा बेलिफ जप्तीचे वॉरंट घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा पाटबंधारे खात्याच्या कचेरीत पोचतो. सोबत वकील असतात आणि दोन-तीन वयस्क शेतकरी. तलावात गेलेल्या जमिनीचा वाढीव मोबदला न्यायालयाने केव्हाच मंजूर केलेला असतो, पण खात्याकडे निधी आलेला नसतो. मग खुर्च्या, संगणक, कपाटे, प्रसंगी अधिकाऱ्याची गाडीसुद्धा जप्तीच्या यादीत चढते. कोणीतरी अधिकारी लेखी आश्वासन देऊन मुदत मागतो, आणि खुर्च्या पुन्हा जागच्या जागी जातात. ही बातमी इतकी नेहमीची झाली आहे की ती वाचून कोणी थांबत नाही. खरे तर थांबायला हवे. ज्या सरकारने जमीन सक्तीने घेतली, त्याच सरकारकडून तिची किंमत वसूल करायला नागरिकाला बेलिफ न्यावा लागतो, याचा अर्थ राज्यकारभाराच्या मुळातच काहीतरी बिघडले आहे.

धरणे, महामार्ग, रेल्वेमार्ग, विमानतळ यांची गरज मी नाकारत नाही. कोयनेची वीज आणि उजनीचे पाणी नसते तर आजचा महाराष्ट्र उभा राहिला नसता. प्रश्न वेगळा आहे. करदात्यांच्या पैशाने आणि सर्वांच्या नावाने होणाऱ्या प्रकल्पासाठी एखाद्या कुटुंबाची जमीन घेताना सरकारवर कोणती बंधने येतात, आणि ती केव्हा पाळायची असतात? माझे म्हणणे सरळ आहे. सरकारने जे काही द्यायचे ते सगळे ताबा घेण्याआधी द्यायचे. ताबा ही शेवटची पायरी आहे. आपल्याकडे ती पहिली झाली आहे, आणि भूसंपादनातल्या बहुतेक अन्यायांची मुळे या उलट्या क्रमात आहेत.

1894 चा इंग्रजी अमलातला भूसंपादन कायदा आपण स्वातंत्र्यानंतरही सहा दशकांहून अधिक काळ वापरला. याच कायद्याच्या बळावर टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळशी खोऱ्यातल्या जमिनी घेतल्या गेल्या, आणि 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. तो मोडला, खोरे बुडाले. पुढे 2013 मध्ये संसदेने नवा कायदा केला आणि तो 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. या कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या प्रकल्पात 70 टक्के कुटुंबांची. सरकार स्वतःसाठी आणि स्वतःच्या ताब्यात ठेवण्यासाठी जमीन घेत असेल, तर मात्र संमतीची अट नाही.

यामागचा तर्क समजण्यासारखा आहे. सरकार लोकांनी निवडलेले असते, नफ्यासाठी काम करत नसते, आणि चार-दोघांच्या नकारामुळे अख्खा तालुका तहानलेला ठेवता येत नाही. हे मान्य. पण याच तर्कातून निघणारी दुसरी गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. बाजारात जमीन विकणारा नाही म्हणू शकतो, म्हणूनच त्याला भाव मिळतो, विचार करायला वेळ मिळतो, आणि पैसे खात्यात आल्याशिवाय तो खरेदीखतावर सही करत नाही. सरकारी प्रकल्पात हा नकाराचा हक्क काढून घेतलेला असतो. ज्याचा नकार काढून घेतला, त्याच्या हिताची काळजी घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याच्या शिरावर येते. म्हणून सरकारचे कर्तव्य खासगी खरेदीदाराहून कितीतरी मोठे आहे. सरकारी काम आहे म्हणून सवलत, हा युक्तिवाद इथे पुरता उलटा आहे.

राज्यघटनेनेही हे सोडून दिलेले नाही. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला, पण त्याच दुरुस्तीने अनुच्छेद 300अ घटनेत आणला. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे तो सांगतो. मे 2024 मध्ये कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या अनुच्छेदात सात हक्क सामावलेले असल्याचे स्पष्ट केले. नोटीस मिळण्याचा, म्हणणे ऐकले जाण्याचा, कारणांसह निर्णय मिळण्याचा, जमीन सार्वजनिक कामासाठीच घेतली जाण्याचा, वाजवी भरपाईचा, प्रक्रिया मुदतीत आणि नीट चालण्याचा, आणि ती एकदाची पूर्ण होण्याचा. या सातांत भरपाई हा फक्त एक हक्क आहे. आपले सरकार, आणि पुष्कळदा आपले वर्तमानपत्रही, भूसंपादनाची सगळी चर्चा त्या एकावरच आणून ठेवते.

आता क्रमाचे पाहू. 2013 च्या कायद्याचे कलम 38 सांगते की निवाडा झाल्यापासून तीन महिन्यांत पूर्ण मोबदला आणि सहा महिन्यांत पुनर्वसनाच्या रोख रकमा दिल्याची खात्री करूनच जिल्हाधिकाऱ्याने ताबा घ्यायचा. नव्या वसाहतीतल्या रस्ते-पाण्यासारख्या सुविधा अठरा महिन्यांत द्यायच्या. पाटबंधारे आणि जलविद्युत प्रकल्पात तर जमीन पाण्याखाली जाण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पुरे झालेले असले पाहिजे. हा विचार दिल्लीत आयता सुचलेला नाही. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा महाराष्ट्रातल्या धरणग्रस्तांच्या चळवळीची. बाबा आढाव, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारख्यांनी ती गावोगाव नेली, आणि 1976 मध्येच महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्यात एक फार न्याय्य तत्त्व होते. धरणाच्या लाभक्षेत्रात ज्यांच्या शेताला पाणी मिळणार, त्यांच्यातल्या मोठ्या खातेदारांनी ठरावीक प्रमाणात जमीन द्यायची आणि ती बुडीत क्षेत्रातल्या कुटुंबांना मिळायची. ज्याचा लाभ, त्याचाही वाटा.

एवढे असूनही घडते काय? कोयना धरण पूर्ण होऊन साठ वर्षे झाली. त्या धरणातल्या विस्थापितांची पुढची पिढी 2018 मध्येही पर्यायी जमिनीसाठी कोयनानगरला ठिय्या देऊन बसली होती. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या एका प्रकरणात 1964 मध्ये जमीन घेण्याची अधिसूचना निघाली, जमीन गेली, आणि काही कुटुंबांना मोबदला मिळालाच नाही. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले 2012 मध्ये. एवढ्या उशिराने कशाला आलात, हा सरकारचा बचाव न्यायालयाने मानला नाही आणि मालमत्तेच्या हक्काकडे मानवी हक्क म्हणून पाहिले पाहिजे, असे बजावले. हिमाचल प्रदेशात 1967-68 मध्ये रस्त्यासाठी एका निरक्षर विधवेची जमीन कोणतीही प्रक्रिया न करता घेतली गेली. तिला न्याय मिळायला 2020 साल उजाडले.

या विलंबाकडे आपण कारभारातली ढिलाई म्हणून पाहतो. मी त्याला वेगळे नाव देईन. जमीन घेऊन तिचे पैसे थकवणे म्हणजे शेतकऱ्याकडून सक्तीने काढलेले कर्ज आहे. ठेकेदाराला आगाऊ रक्कम मिळते, सिमेंटवाल्याचे बिल निघते, सल्लागार कंपनीचे मानधन वेळेवर जाते. थकते ते जमीनवाल्याचे, कारण तो काम बंद पाडू शकत नाही. त्याच्याकडचे एकमेव हत्यार, म्हणजे ताबा, आधीच गेलेले असते. पुन्हा जमिनीचे भाव काळाबरोबर चढतात आणि मोबदला मात्र जुन्या अधिसूचनेच्या तारखेला गोठतो. पैसे हातात येतात तेव्हा त्यात शेजारच्या गावातली अर्धी जमीनही येत नाही. बंगळूरू-म्हैसूर रस्त्याच्या प्रकरणात अधिसूचना 2003 ची, ताबा 2005 चा आणि निवाडा 2019 चा होता. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2003 चा नव्हे, 2019 चा बाजारभाव धरायला लावला. हा न्याय झाला खरा, पण तो मिळवायला बावीस वर्षे आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंतचा खर्च लागला. असे किती शेतकरी तिथपर्यंत पोचतील?

मोबदल्याचे आकडेही दिसतात तितके उदार नसतात. कायद्याप्रमाणे बाजारभावाला ग्रामीण भागात एक ते दोन यांमधला गुणक लावायचा आणि जेवढी रक्कम येईल तेवढीच दिलासा रक्कम वर द्यायची. गुणक दोन असेल तर चौपट, एक असेल तर दुप्पट. गुणक किती, हे राज्य ठरवते, आणि महाराष्ट्राने 2021 मध्ये महामार्गांच्या संपादनासाठी तो दोनवरून एकवर आणला. शेतकऱ्याच्या हाती येणारी रक्कम एका अधिसूचनेने निम्मी झाली. राष्ट्रीय महामार्गांच्या बाबतीत तर 1997 च्या दुरुस्तीनंतर दिलासा रक्कमच मिळत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. म्हणजे एकाच गावात, एकाच शिवारात, तलावात गेलेल्या जमिनीला एक न्याय आणि महामार्गात गेलेल्या जमिनीला दुसरा. मुळात बाजारभाव काढला जातो तो रेडीरेकनर आणि नोंदवलेल्या खरेदीखतांवरून. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी खरेदीखतात कमी रक्कम लिहिण्याची सवय आपल्या समाजात खोल रुजली आहे. या सवयीची किंमत ज्याने कधी जमीन विकलीच नाही, त्या शेतकऱ्याला चुकवावी लागते. यात दोष एकट्या सरकारचा नाही, पण हे ठाऊक असूनही कागदावरचाच भाव खरा धरायचा, हा दोष सरकारचाच आहे.

आणि भावाच्या पलीकडे प्रत्यक्ष शेत असते. संयुक्त मोजणीच्या दिवशी भूकरमापक, तलाठी, कृषी आणि बांधकाम खात्याची माणसे बांधावर येतात. त्या दिवशी जे कागदावर चढेल त्याचाच मोबदला मिळतो. विहीर दिसते, तिची नोंद होते. त्या विहिरीपासून शेताच्या टोकापर्यंत जमिनीखालून नेलेली पाइपलाइन दिसत नाही. मालकाने दाखवली नाही, पावती ठेवली नाही, तर ती नव्हतीच असे धरले जाते. पुरंदरच्या अंजिराच्या किंवा सीताफळाच्या झाडाचे वय किती, ते अजून किती वर्षे फळ देईल, यावर त्याची किंमत ठरते, आणि त्या वयाचा अंदाज दुपारच्या घाईत एखादा कर्मचारी बांधतो. सातबारावर ‘पोटखराबा’ लिहिलेली जमीन बापजाद्यांनी दगड वेचून कसायला आणलेली असली, तरी तिची गणना पडीकच होते. भूसंपादनाला विरोध म्हणून शेतकरी मोजणीला हजर राहिला नाही, तर त्याच्या गैरहजेरीत होणारा पंचनामा त्याच्याच विरोधात जातो.

महामार्गाची आखणी शेताच्या बांधावरून जात नाही, ती शेतातून तिरपी जाते. पाच एकरांतले दोन गेले की उरलेले तीन एकर एकत्र राहत नाहीत. विहीर एका बाजूला, ऊस दुसऱ्या बाजूला. मधला रस्ता दोन्हीकडून कुंपण घातलेला, त्यावर बैलगाडी-ट्रॅक्टरला मनाई. जवळचा बोगदा दीड-दोन किलोमीटरवर असेल, तर रोजची पाळी देणे बंद होते आणि पुढच्या दोन-तीन हंगामांत तो तुकडा पडीक पडतो. जमीन तुटल्याने होणाऱ्या नुकसानीची भरपाई कायद्यात आहे. उरलेला तुकडा निरुपयोगी झाला तर तोही घ्या, असे म्हणण्याची सोयही आहे. पण ती मागायची असते, हेच पुष्कळांना माहीत नसते आणि सांगणारे कोणी भेटत नाही. सांगण्याचे काम कोणाचे? माझ्या मते जमीन घेणाऱ्याचे. नोटिशीतच शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत त्याचे सगळे हक्क लिहून द्यायला सरकारचे काय जाते?

शेताबरोबर आणखी काही माणसे उठतात, त्यांचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नसते. त्याच शेतात खुरपणीला जाणाऱ्या बाया, वाट्याने कसणारा, बुडणाऱ्या गावचा सुतार, नदीवर पोट असलेला मच्छीमार. 2013 च्या कायद्याने ही चूक सुधारली. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर ज्यांची मुख्य उपजीविका होती, ते शेतमजूर, कुळे आणि कारागीरही त्याने बाधित कुटुंबांत धरले. कुटुंबाला नोकरी किंवा 5 लाख रुपये किंवा वीस वर्षे दरमहा किमान 2 हजार रुपये, अशी निवड ठेवली. हे तेव्हाच पोचेल, जेव्हा मजुरांची यादी करायला कोणी वस्तीवर जाईल. जमीनमालकाची यादी तलाठ्याच्या दप्तरात तयार असते. मजुराची यादी करावी लागते, आणि ती करण्याची जागा म्हणजे सामाजिक परिणाम मूल्यांकन.

नेमकी तीच पायरी महाराष्ट्राने काढून टाकली आहे. कोणत्याही प्रकल्पाआधी ग्रामसभेशी बोलून, जनसुनावणी घेऊन, किती कुटुंबे उठतील, एवढीच जमीन लागेल का, दुसरी जागा आहे का, हे तपासायचे आणि तज्ज्ञांनी त्यावर मत द्यायचे, असे कायदा सांगत होता. तज्ज्ञ समिती प्रकल्प सोडून द्या, अशीही शिफारस करू शकत होती. केंद्राने डिसेंबर 2014 मध्ये वटहुकूम काढून बऱ्याच प्रकल्पांना या पायरीतून सूट द्यायचा प्रयत्न केला. देशभर विरोध झाला आणि 2015 मध्ये वटहुकूम मागे पडला. जे संसदेत जमले नाही ते राज्यांनी केले. 2018 च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात पाटबंधारे, पायाभूत सुविधा, औद्योगिक पट्टे, परवडणारी घरे अशा प्रकल्पांना मूल्यांकनापासून सूट देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. राज्याचे महामार्ग आणि औद्योगिक वसाहती यांचे जुने कायदेही मूळ कायद्याच्या प्रक्रियेबाहेर ठेवले.

परिणाम आज दिसतो आहे. नागपूर ते गोवा शक्तिपीठ महामार्गाला कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न पैशांचा नव्हता. नागपूर-रत्नागिरी महामार्ग असताना त्याच दिशेने आणखी एक रस्ता कशाला, असे ते विचारत होते. हा प्रश्न चुकीचा असेल, तर सरकारने वाहतुकीचे आकडे देऊन तसे दाखवावे. बरोबर असेल तर आखणी बदलावी. पण तो विचारण्याची कायदेशीर जागाच उरली नाही की तो रस्त्यावर विचारला जातो. पुरंदरच्या विमानतळाच्या सर्वेक्षणाला सात गावांनी 2025 मध्ये जो विरोध केला, त्यातही हीच खदखद होती. कारण सांगणे हे सरकारचे पहिले देणे आहे. ज्याची जमीन जाते त्याला ती कशासाठी जाते हे पटले नाही, तरी निदान ते सांगितले गेले पाहिजे आणि त्याचे उत्तर ऐकले गेले पाहिजे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की इतके सगळे करत बसलो तर प्रकल्प रखडतील आणि खर्च वाढेल. समृद्धी महामार्गाचा अनुभव याच्या उलट आहे. 701 किलोमीटरच्या या रस्त्यासाठी सुरुवातीला जमीन एकत्रीकरणाची योजना मांडली गेली, शेतकऱ्यांनी ती जवळजवळ नाकारली आणि आंदोलने झाली. मग 2017 पासून कायद्याने ठरलेल्या मोबदल्यावर 25 टक्के जास्त देऊन थेट खरेदी सुरू झाली, रक्कम त्वरित खात्यात जमा होऊ लागली, आणि संपादनाला वेग आला. त्या व्यवहारातही मजुरांना काही मिळाले नाही, हे खरे. पण पैसे आधी दिले की जमीन लवकर मिळते, हे त्यातून सिद्ध झाले. प्रकल्प रखडतात ते खटले, आंदोलने आणि फेरआखणी यांमुळे, आणि या तिन्ही गोष्टी आधी न दिलेल्या देण्यांतून उभ्या राहतात. जो प्रकल्प योग्य मोबदला दिल्यावर परवडत नाही, तो मुळातच परवडत नव्हता. त्याचा तोटा फक्त आपण शेतकऱ्याच्या खात्यावर लिहीत होतो.

वाढत्या किमतीतला वाटा हाही देण्याचाच भाग आहे, हे महाराष्ट्राला नवी मुंबईने शिकवले. 1970 मध्ये तिथल्या गावांची जमीन शहरासाठी संपादित झाली. तुटपुंज्या मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलकांचा जीव गेला. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. शहर ज्याच्या जमिनीवर उभे राहते, त्या शहराच्या वाढत्या मोलात त्याचा वाटा असावा, हा विचार देशाला आदर्श ठरावा असा आहे. पण भूखंडांचे वाटप दशकानुदशके रेंगाळले, आणि वाट पाहून थकलेल्या अनेकांनी भूखंड हातात येण्याआधीच आपला हक्क विकून टाकला. चांगले धोरण उशिराने राबवले की त्याचा फायदा थांबू शकणाऱ्याला होतो, गरजवंताला होत नाही.

करायचे काय, हे अवघड नाही. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातली भूसंपादनाची आणि पुनर्वसनाची पूर्ण रक्कम अधिसूचना काढण्याआधी वेगळ्या खात्यात जमा करावी आणि त्या खात्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावू नये. ती जमा झाल्याशिवाय कामाचा आदेश निघू नये. 2018 ची दुरुस्ती रद्द करून सामाजिक परिणाम मूल्यांकन पुन्हा आणावे, निदान ज्या प्रकल्पात संमती लागत नाही तिथे तरी. महामार्गांसाठीचा गुणक पुन्हा दोन करावा. भूमिहीन कुटुंबांची यादी ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय निवाडा जाहीर होऊ नये. आणि पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाला परत देण्याची किंवा सरकारी भूमीपेढीत टाकण्याची जी निवड कायद्याने राज्याला दिली आहे, त्यात महाराष्ट्राने मालकाच्या बाजूने कौल द्यावा.

यातली एकही मागणी प्रकल्पांच्या विरोधात नाही. आपल्या गावात मोजणीची नोटीस येईल तेव्हा ग्रामसभेने पहिला प्रश्न मोबदला किती, हा विचारू नये. रक्कम जमा आहे का आणि पुनर्वसनाची जागा तयार आहे का, हा विचारावा. आमदार-खासदारांनाही हाच प्रश्न विचारावा, आणि उत्तर लेखी मागावे. सर्वांच्या हितासाठी एकाची जमीन घेण्याचा अधिकार आपण सरकारला दिला आहे. देण्याचे सगळे देऊन झाल्यावर ताबा घेणारे सरकारच तो अधिकार वापरायला पात्र आहे.